रेटा नेमका कुठे बसतो?
ब्लॅकबर्डच्या इंजिनाविषयीच्या तीन लोकप्रिय विधानांची तपासणी

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना आपण बहुतेक सगळेच फुगा हातात घेतो. तो फुगवून सोडला की वर्गभर भिरभिरतो, मुले हसतात आणि आपण सांगतो, "हवा मागे गेली म्हणून फुगा पुढे गेला. जेट विमानही असेच चालते." एका शिक्षक शिबिरात मी हेच सांगितले होते. तेव्हा एका शिक्षिकेने विचारले, "सर, विमानाला पुढे ढकलणारा हात नेमका कुठल्या भागावर असतो?" मी चटकन म्हणालो, "मागच्या नोझलवर." आणि पुढच्याच वाक्यात, विषय रंजक व्हावा म्हणून, ब्लॅकबर्ड या अतिवेगवान विमानाचे इंजिन मॅक २ नंतर "रॅमजेट होते" असेही सांगून टाकले.

दोन्ही विधाने सदोष होती. त्यातले पहिले साफ चूक, तर दुसरे अर्धसत्य. अर्धसत्य अधिक त्रासदायक, कारण ते छापील मजकुरात वारंवार भेटते आणि आपण ते निर्धास्तपणे पुढे देतो. म्हणून वेगवान लष्करी विमानांच्या इंजिनांविषयी लोकप्रिय लेखनात आढळणारी तीन विधाने येथे तपासू. ती अशी :

१. ब्लॅकबर्डचे जे-५८ इंजिन मॅक २ च्या पुढे रॅमजेट बनत असे.

२. मॅक ३ च्या वर इंजिन फक्त १७-१८ टक्के रेटा देई. निम्म्याहून अधिक रेटा हवा घेणारे तोंडच देई.

३. एवढ्या वेगात हवा आपोआप दाबली जाते, म्हणजे दाब फुकट मिळतो.

विमानाची ओळख

लॉकहीड कंपनीचे एसआर-७१ हे टेहळणी विमान २२ डिसेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. त्याआधीचे त्याच घराण्यातले ए-१२ विमान १९६२ मध्ये उडाले होते. २८ जुलै १९७६ रोजी एसआर-७१ ने ताशी ३,५२९ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. अमेरिकी हवाई दलाने १९९० मध्ये ते निवृत्त केले, पुढे काही काळ पुन्हा वापरात आणले, आणि नासाकडील विमानाचे शेवटचे उड्डाण १९९९ मध्ये झाले. आज ही विमाने संग्रहालयांत आहेत.

प्रत्येक विमानात प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची दोन जे-५८ इंजिने असत. इंजिनात नऊ टप्प्यांचा संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, त्यामागे ज्वलनकक्ष, मग दोन टप्प्यांचे टरबाइन आणि शेवटी आफ्टरबर्नर. जमिनीवर हा संपीडक हवेचा दाब सुमारे ८.८ पट करीत असे. इंजिनापुढे हवा घेणारे गोल तोंड आणि त्यातून बाहेर डोकावणारा टोकदार शंकू. मॅक १.६ पासून मॅक ३.२ पर्यंत वेग वाढत जाताना हा शंकू सुमारे ६६ सेंटिमीटर मागे सरके. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने येणाऱ्या हवेला आघात तरंगांच्या मालिकेतून नेऊन, ध्वनीच्या निम्म्याहूनही कमी वेगावर आणून संपीडकाच्या हवाली करणे हे या तोंडाचे काम. संपीडकाची पाती त्याहून वेगवान हवा नीट हाताळू शकत नाहीत.

अडचण उष्णतेची

हवा थांबवली की तापते. किती तापते याचे सूत्र अकरावीचा विद्यार्थीही वापरू शकेल. केल्विनमधील तापमान (१ + म²/५) पट होते. येथे म म्हणजे मॅक अंक. चोवीस किलोमीटर उंचीवर हवा सुमारे २१७ केल्विन, म्हणजे उणे ५६ अंश सेल्सिअस धरू. मॅक ३.२ चा वर्ग १०.२४, त्याला ५ ने भागून १ मिळवला की ३.०५ येतात. २१७ ला ३.०५ ने गुणले की ६६१ केल्विन, म्हणजे ३८८ अंश सेल्सिअस. संपीडकाच्या दारात येणारी "थंड" हवा ही एवढी! जे-५८ साठी येथील कमाल मर्यादा ४२७ अंश ठेवलेली होती. विमानाचा वेग प्रत्यक्षात या आकड्याने बांधलेला होता.

आता दाब. त्या उंचीवर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन टक्के असतो. हवेचे तोंड तो सुमारे चाळीस पट करी. म्हणजे संपीडकापाशी दाब समुद्रसपाटीपेक्षा थोडा जास्तच. जमिनीवर आणि चोवीस किलोमीटरवर संपीडकाला मिळणारा दाब जवळपास सारखा. फरक आहे तो तापमानाचा.

हा फरक काय करतो? संपीडक जमिनीवर २८८ केल्विनची हवा घेऊन दाब ८.८ पट करतो, तेव्हा आदर्श आकडेमोडीने हवा सुमारे २५० अंशांनी तापते. पाती त्याच वेगाने फिरत असतील तर दर किलो हवेमागे होणारे काम साधारण तेवढेच राहते. पण आता सुरुवात ६६१ केल्विनपासून आहे. तिथून २५० अंश वाढले तर दाब ८.८ पट नव्हे, फक्त ३ पट होतो. तापलेली हवा दाबायला महाग पडते, एवढाच याचा अर्थ.

याचा पुढचा परिणाम अधिक महत्त्वाचा. जमिनीवर संपीडकातून बाहेर पडणारी हवा पावणेपाच पट दाट झालेली असते; म्हणून मागच्या टप्प्यांकडे वाट निमुळती ठेवलेली असते. मॅक ३.२ ला मात्र हवा केवळ सव्वादोन पट दाट होते. निमुळत्या वाटेत मावायला ती फारच फुगलेली. मागचे टप्पे तुंबतात, पुढच्या टप्प्यांतील पात्यांवरून हवा सुटू लागते आणि इंजिन गुदमरते. आकडे आदर्श स्थितीचे आहेत. खऱ्या इंजिनात घर्षण आणि गळती असते. पण अडचणीचे स्वरूप हेच.

पहिले विधान : "इंजिन रॅमजेट बनते"

प्रॅट अँड व्हिटनीचे अभियंते रॉबर्ट अबरनेथी यांनी यावर काढलेला उपाय असा : संपीडकाच्या चौथ्या टप्प्यानंतर काही हवा बाहेर काढायची, सहा जाड नळ्यांतून ज्वलनकक्ष आणि टरबाइन यांना वळसा घालून थेट आफ्टरबर्नरमध्ये सोडायची. मॅक २ च्या सुमारास या नळ्यांची वाट उघडे. मागच्या टप्प्यांची कोंडी फुटे. बाहेर काढलेली हवा वाया न जाता आफ्टरबर्नरला थंडावा आणि ऑक्सिजन देई.

या नळ्या पाहूनच "इंजिन रॅमजेट झाले" असे लिहिले जाते. रॅमजेटमध्ये संपीडक नसतो, टरबाइन नसते. हवा केवळ वेगामुळे दाबली जाते, त्यात इंधन जळते आणि झोत मागे जातो. जे-५८ मध्ये नळ्यांतून जाणारी हवा होती सुमारे एकपंचमांश. उरलेली चारपंचमांश हवा संपूर्ण संपीडक, ज्वलनकक्ष आणि टरबाइन यांतूनच जाई. नळ्यांतील हवाही आधी संपीडकाचे चार टप्पे पार करून आलेली असे. टरबाइन फिरत होते, संपीडक फिरत होता. कुठेही एक इंजिन बंद होऊन दुसरे सुरू झाले नाही.

खरे रॅमजेट याच घराण्यात पाहायला मिळते. डी-२१ नावाचे वैमानिकरहित विमान ए-१२ सारख्याच एका विमानाच्या पाठीवर बसवून नेत आणि मॅक ३ च्या वर वेग गेल्यावर सोडत. त्याचे इंजिन रॅमजेट होते, म्हणूनच ते स्वतःहून धावपट्टीवरून उडू शकत नव्हते. ब्लॅकबर्ड उडू शके. "बनते" या एका क्रियापदाने हा मूलभूत फरक पुसला जातो.

दुसरे उदाहरण आपल्या ओळखीचे. भारतीय हवाई दलाने १९८१ ते २००६ या काळात मिग-२५ हे मॅक २.८ चे टेहळणी विमान बरेलीहून वापरले. त्याच्या आर-१५ इंजिनाच्या रचनाकारांपुढे हीच अडचण होती, पण त्यांनी ती वेगळ्या रीतीने टाळली. त्यांनी संपीडक फक्त पाच टप्प्यांचा ठेवला आणि त्याचे दाबगुणोत्तर मुळातच पाचाच्या आत. वेगात हवेचे तोंड बरेच दाबकाम करणारच आहे, मग संपीडकाला निमुळती लांब वाट कशाला, हा हिशेब. किंमत म्हणून कमी वेगात इंजिन खादाड झाले. नळ्या नाहीत, वळसा नाही, पण भौतिकी तीच. मिग-२५ चे इंजिन "रॅमजेट झाले" असे मात्र सहसा कुणी लिहीत नाही. मग नाव कशावरून दिले जाते? तत्त्वावरून की नळ्यांच्या दर्शनावरून?

दुसरे विधान : "इंजिनाचा वाटा १७ टक्के"

मॅक ३.२ ला निव्वळ रेट्यापैकी सुमारे ५४ टक्के हवेच्या तोंडावर, २८ टक्के मागच्या नोझलवर आणि १७-१८ टक्के इंजिनावर, असे आकडे दिले जातात. आकडे खोटे नाहीत. पण ते कशाचे आहेत हे सांगितले जात नाही, आणि वाचक समजतो की तोंड हेच खरे इंजिन, बाकी शोभेचे.

यासाठी आधी साध्या जेट इंजिनाकडे जाऊ. रोल्स रॉइस कंपनीच्या 'द जेट इंजिन' या पुस्तकात एका इंजिनाच्या प्रत्येक भागावर बसणाऱ्या बलाचा हिशेब दिला आहे. पुढे ढकलणारी बले अशी : संपीडकावर १९,०४९ पौंड, त्यामागच्या रुंदावत्या वाटेवर २,१८६, ज्वलनकक्षावर ३४,१८२ आणि टरबाइनमागच्या नळीवर २,४१९ पौंड. मागे ओढणारी बले : टरबाइनवर ४१,०९१ आणि नोझलवर ५,५८७ पौंड. बेरीज-वजाबाकी केली की उरतो ११,१५८ पौंड निव्वळ रेटा. हा हिशेब वर्गात फळ्यावर मुलांकडून जरूर करून घ्यावा.

त्यात मला माझ्या शिबिरातील उत्तराची चूक सापडली. नोझल विमानाला पुढे ढकलत नाही, ते मागे ओढते! निमुळत्या नोझलच्या भिंतींवर आतला दाब मागच्या दिशेनेच रेटतो. मग नोझल काढून टाकले तर रेटा वाढेल का? मुळीच नाही. नोझल नसेल तर आतला दाबच टिकणार नाही आणि संपीडक व ज्वलनकक्ष यांवरील बलेही कोसळतील. बल एका भागावर बसते, पण ते संपूर्ण यंत्राच्या चालण्यामुळे बसते. "बल कुठे बसते" आणि "बल कशामुळे निर्माण होते" हे दोन निराळे प्रश्न आहेत.

याच नजरेने आता ब्लॅकबर्डचे ५४ टक्के पाहू. हवेच्या तोंडाची वाट सर्वांत अरुंद जागेपासून इंजिनाकडे रुंदावत जाते, आणि शंकूची मागची बाजू इंजिनाकडे उतरती असते. तिथे दाब मोठा आहे. या मागे तोंड असलेल्या पृष्ठांवर तो दाब पुढच्या दिशेने रेटतो. शंकूच्या पुढच्या बाजूवरील मागे ढकलणाऱ्या बलाहून हे बल बरेच मोठे भरते. नोझलबाबत येथे आधीच्या उलट स्थिती आहे, कारण ब्लॅकबर्डचे बाहेरचे नोझल मागे रुंदावत जाणारे आहे आणि त्याच्या भिंतींवरील दाब विमानाला पुढे नेतो. एवढाच त्या टक्केवारीचा अर्थ : विमानाच्या कुठल्या पत्र्यावर आणि कुठल्या आधारावर किती बल येते. रचनाकाराला ही माहिती हवीच, कारण त्याला ते आधार तेवढे मजबूत करायचे असतात. पण यावरून श्रेयाची वाटणी करता येत नाही.

या हिशेबाने पाहिले तर प्रवासी कॉंकॉर्डचे आकडे आणखी टोकाचे आहेत : मॅक २ ला तोंडावर ६३, नोझलवर २९ आणि इंजिनावर अवघे ८ टक्के. कॉंकॉर्डचे इंजिन तर साधे टर्बोजेट, त्यात वळशाच्या नळ्याही नाहीत. ते रॅमजेट होते असे कुणी म्हणत नाही. म्हणजे "इंजिनाचा वाटा कमी, म्हणून रॅमजेट" हा युक्तिवादही टिकत नाही.

इंजिनाने हवा गिळली नाही तर काय होते, याचा पुरावा फार महागात मिळालेला आहे. तोंडातील शेवटचा आघात तरंग अरुंद जागेच्या थोडा मागे तोलून धरावा लागे. इंजिन पुढे सरकवेल त्याहून जास्त हवा आत तुंबली, किंवा शंकूचे नियंत्रण बिघडले, की तरंग तोंडाबाहेर फेकला जाई. याला अनस्टार्ट म्हणत. क्षणात आतला दाब कोसळे, त्या बाजूचा रेटा जवळपास नाहीसा होई, विरोध वाढे आणि विमान त्या बाजूला जोराने वळे. २५ जानेवारी १९६६ रोजी चाचणी उड्डाणात मॅक ३.१८ ला वळण घेत असताना उजव्या बाजूला हेच झाले. त्या चाचणीसाठी विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकवलेला होता. विमान सावरले नाही, हवेतच त्याचे तुकडे झाले. वैमानिक बिल वीव्हर वाचले. त्यांचे सहकारी जिम झ्वायर यांचा मृत्यू झाला.

५४ टक्के रेटा जर त्या तोंडाची स्वतःची कमाई असती, तर ती अशी क्षणात नाहीशी झाली नसती. तोंडात इंधन जळत नाही. ऊर्जा तिथे निर्माण होत नाही. मागे जळणारे इंधन आणि हवा गिळत राहणारे इंजिन यांमुळेच तोंडातला दाब योग्य जागी टिकतो. इंजिन बंद असताना तेच तोंड विमानाला मागे ओढते.

तिसरे विधान : "फुकट दाब"

येथे फुग्याच्या उदाहरणाची मर्यादा समोर येते. फुग्याच्या आत हवा आधीच असते. जेट इंजिनाला ती पुढून घ्यावी लागते. चोवीस किलोमीटर उंचीवर मॅक ३.२ म्हणजे सेकंदाला सुमारे ९४४ मीटर. विमानाच्या दृष्टीने प्रत्येक किलो हवा एवढ्या वेगाने अंगावर येते. ती अडवायची म्हणजे तेवढा संवेग मागच्या दिशेने पदरात घ्यायचा. म्हणून रेट्याच्या सूत्रात बाहेर पडणाऱ्या झोताच्या वेगातून आत येणाऱ्या हवेचा वेग वजा करावा लागतो. झोत सेकंदाला ९४४ मीटरनेच गेला तर रेटा शून्य, मग तो झोत विमानाच्या दृष्टीने कितीही प्रचंड वाटो.

हवा दाबण्याची किंमत विमानाच्या गतीतूनच वसूल होते, आणि ती गती टिकवायला इंधन जळावे लागते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवणाऱ्या आपण "फुकट" हा शब्द तरी सहज वापरू नये. "हा दाब फिरत्या पात्यांविना मिळतो" असे म्हणावे. ते खरे आहे आणि पुरेसे आश्चर्यकारकही आहे.

वर्गासाठी

हे सारे आठवीच्या मुलांना सांगावे असे माझे म्हणणे नाही. फुगाही टाकून देऊ नये. पण फुगा सोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : तोंड बांधलेला फुगा हलत नाही, तोंड सोडले की हलतो, मग त्याला ढकलणारे बल फुग्याच्या कुठल्या भागावर आहे? थोडी चर्चा झाली की मुले स्वतः सांगतील : तोंडासमोरच्या आतल्या भिंतीवर. तिच्यावरचा दाब पूर्वीही होता. आता समोरच्या बाजूला त्याला तोलणारी भिंत राहिली नाही. "क्रिया-प्रतिक्रिया" हे शब्द तोंडपाठ म्हणण्यापेक्षा या एका उत्तराने नियम अधिक समजतो. मोठ्या वर्गांत मग वरचा सहा आकड्यांचा हिशेब घालावा आणि नोझलचे चिन्ह उणे का, हे विचारावे.

लोकप्रिय विज्ञानलेखनाकडून अपेक्षाही एवढीच. आकडा दिला तर तो कशाचा आहे हे सांगावे. "बनते", "देते", "फुकट" ही क्रियापदे आणि विशेषणे वाक्य चटकदार करतात, पण कारण आणि स्थान यांची गल्लत तिथेच होते. ब्लॅकबर्डच्या रचनेला अतिशयोक्तीची गरज नाही. एकाच इंजिनाने धावपट्टीवर शून्यापासून सुरुवात करावी आणि ३८८ अंश तापलेली हवा गिळत मॅक ३.२ ला टिकून राहावे, ही वस्तुस्थितीच पुरेशी थक्क करणारी आहे.

त्या शिक्षिकेला द्यायचे उत्तर आता असे देईन : पुढे ढकलणारा एकच हात नसतो. काही हात पुढे ढकलतात, काही मागे ओढतात आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे रेटा. त्यांपैकी एक जरी काढला तर बेरजेतून फक्त तो आकडा वजा होत नाही. उरलेले सगळे आकडे बदलतात.